मेदाचे कोडे आणि तंजावरचा धन्वंतरी महाल

तंजावरच्या राजवाड्यात, नायक राजांच्या जुन्या दरबार दालनात, पांढऱ्या संगमरवराचा एक पुतळा उभा आहे. जॉन फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा भोसले कुळातील दुसऱ्या सरफोजी महाराजांचा. हात जोडून उभ्या असलेल्या या राजाच्या अंगी विजेत्याचा आविर्भाव नाही, आणि त्याच्या चरित्रातही लढायांचे वर्णन फारसे आढळत नाही. त्याने जे मिळविले ते याच राजवाड्याच्या परिसरात, सरस्वती महालाच्या कपाटांत आणि मोडी कागदांच्या रुमालांत ठेवलेले आहे. त्या संचयाचा एक मोठा भाग वैद्यकाचा आहे. आणि वैद्यकातील एका फार जुन्या कोड्याचा विचार करू जाता पावले पुन्हा पुन्हा या वास्तूकडे वळतात. ते कोडे मेदाचे. माणसाच्या अंगावर चढणारी चरबी ही केवळ साठवण आहे की शरीराच्या कारभारात तिचाही काही हात आहे? आणि स्थूल माणसाचा रक्तदाब चढतो, तो नेमका कशामुळे?

हा प्रश्न आजच्या काळात नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या एका विस्तृत पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढ भारतीयांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि जवळजवळ ४० टक्के लोकांच्या पोटावर प्रमाणाबाहेर मेद साचलेला आहे. या दोन आकड्यांमधील नाते समजून घेणे म्हणजे कोट्यवधी संसारांवरील एका संकटाचे मूळ समजून घेणे होय.

तंजावरचे मराठी राज्य शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केले. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा प्रदेश म्हणजे दक्षिणेचे भाताचे कोठार. अशा सुबत्तेच्या राज्यात अन्नाचा विचार शास्त्र म्हणून व्हावा, यात नवल नाही. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेल्या रघुनाथ पंडित नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. तांदूळ, कडधान्ये, दूध, दही, तूप, फळे, भाज्या यांचे गुणदोष वैद्यकशास्त्राच्या आधाराने सांगणारा हा ग्रंथ आहे. पुढे सरफोजींच्या काळात पाकशास्त्रावरही लेखन झाले. मुदपाकखाना आणि औषधशाळा यांच्यामध्ये भिंत घालण्याची प्रथा त्या काळी नव्हती. एकाच शास्त्राची ती दोन दालने मानली जात.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पण दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार हातातून गेला आणि सत्ता उरली ती किल्ला व त्याच्या आसपासच्या प्रदेशापुरती. दुसरा एखादा राजा अशा वेळी शिकार आणि ख्यालीखुशाली यांत बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमविले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांच्या जोडीला त्यांनी युरोपातून छापील पुस्तके मागविली, अनेकांवर आपली स्वाक्षरी केली, आणि १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी छापखाना उभारला. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा हा हिंदू राजा लॅव्हॉयझिए, लिनिअस आणि ब्यूफॉन यांच्या ग्रंथांतील आधार सहज देतो, हे पाहून ते थक्क झाले. शरीररचनेच्या अभ्यासासाठी राजांनी मानवी सांगाड्याची हस्तिदंती प्रतिकृतीही करवून घेतली होती. या सर्व उद्योगाला दरबारात एक सुंदर नाव होते : नवविद्या.

याच नवविद्येचे एक अंग म्हणजे धन्वंतरी महाल. येथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एका छत्राखाली काम करीत. माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही औषधे तयार होत. कोणत्या रोगावर कोणते औषध दिले आणि त्याचा काय परिणाम झाला, याची नोंद ठेवली जाई. कसोटीला उतरलेले उपचार तमिळ पद्यात गुंफले गेले. राजांच्या ‘शरभेंद्र’ या संस्कृत नावावरून हा संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणून ओळखला जातो, आणि पुढे तो ग्रंथालयानेच रोगवार भागांत प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तर विशेष लक्षणीय आहेत. रोग्याची हकीकत, त्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र, केलेली शस्त्रक्रिया आणि तिचा परिणाम असे सारे त्यांत टिपलेले आहे. पाठांतरावर आणि गुरुवचनावर चालणाऱ्या विद्येच्या शेजारी पुराव्यावर चालणारी विद्या येथे येऊन बसली होती.

धन्वंतरी महालातील आयुर्वेदाचा वैद्य मेदाविषयी कोणत्या कल्पना घेऊन येत असेल, हे त्याच्या शास्त्रावरून सांगता येते. आयुर्वेदाच्या दृष्टीने मेद हा सात धातूंपैकी एक. रस, रक्त, मांस यांच्यानंतर त्याचा क्रम येतो आणि त्याच्यापासून पुढे अस्थी पोसली जाते. म्हणजे मेद ही अडगळ नव्हे, शरीराला धारण करणाऱ्या घटकांपैकी ती एक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्य घटते, हालचाल मंदावते, दुर्बलता येते, घाम फार येतो, भूक आणि तहान प्रमाणाबाहेर वाढते, असे ते वर्णन आहे. त्यामागची कारणमीमांसा मोठी लक्षवेधी आहे. वाढलेला मेद शरीरातील मार्ग अडवितो, त्यामुळे वायू कोठ्यात कोंडला जाऊन अग्नीला फुंकर घालतो, अन्न झटपट जिरते आणि माणूस पुन्हा खाण्यासाठी अधीर होतो. साध्या भाषेत सांगायचे तर, माणूस खातो म्हणून मेद वाढतो इतकेच नव्हे, तर मेद वाढला म्हणून माणूस अधिक खातो, असे चरकाचे म्हणणे आहे.

निरीक्षण सूक्ष्म होते. पण ते पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. रक्तदाबाच्या बाबतीत तर निरीक्षणालाच जागा नव्हती. नाडीची गती, तिचा जोर, तिची चाल वैद्याच्या बोटांना कळे. रक्त धमनीच्या भिंतीवर किती भार टाकते, हे मात्र बोटांना मोजता येत नाही. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून, तिला जोडलेल्या काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक चढते, हे दाखविले. त्याचा ग्रंथ १७३३ मध्ये निघाला. सरफोजींच्या हयातीतच, १८२८ मध्ये, पॅरिसच्या प्वाझ्यने या कामासाठी पारा वापरला. पण हे सारे प्रयोग प्राण्यांवरचे. दंडाला पट्टा बांधून, धमनीला इजा न करता माणसाचा रक्तदाब मोजण्याची सोपी रीत इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये काढली, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने त्या पट्ट्याखाली ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ लावला. तोवर सरफोजींना जाऊन सत्तर वर्षे लोटली होती आणि त्यांचे राज्यही १८५५ मध्येच खालसा झाले होते.

एकदा रक्तदाब मोजता येऊ लागल्यावर स्थूलतेशी असलेले त्याचे नाते लपून राहणे शक्य नव्हते. ते प्रथम ध्यानात आले ते विमा कंपन्यांच्या. कोण किती जगतो याच्या हिशेबावर ज्यांचा व्यवहार चाले, त्यांच्या वह्यांत जाड ग्राहकांचे आयुष्य कमी भरू लागले. अमेरिकेतील विमागणितज्ञांनी १९५९ मध्ये शरीराची ठेवण आणि रक्तदाब यांवर एक मोठा अहवालच प्रसिद्ध केला. त्याआधी, १९४८ पासून, फ्रॅमिंगहॅम या गावातील हजारो रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली होती. ज्या उच्च रक्तदाबाचे दुसरे कारण सापडत नाही, त्याचा अर्ध्याहून बराच मोठा वाटा वाढलेल्या वजनाच्या पदरी घालावा लागतो, असा अंदाज त्या अभ्यासातून पुढे निघाला.

नाते दिसले, पण कारण दिसेना. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात शास्त्रज्ञ चरबीकडे धान्याच्या कणगीसारखे पाहत. सुगीत भरायची, दुष्काळात उपसायची. कणगी स्वतः काही बोलत नाही. शरीर मोठे झाले की त्याला अधिक रक्त पुरवावे लागते, म्हणून हृदयावर ताण पडतो आणि दाब वाढतो, हा खुलासा पुरेसा वाटे. परंतु त्यात काही अडचणी होत्या. १९४७ मध्ये मार्सेयचे वैद्य झाँ व्हाग यांनी दाखविले की, मेद किती आहे यापेक्षा तो कोठे आहे याला अधिक महत्त्व आहे. मांड्या आणि नितंबांवरच्या मेदापेक्षा कमरेच्या वरचा मेद रोगांना अधिक आमंत्रण देतो. नुसत्या ओझ्याचाच प्रश्न असता, तर ते ओझे शरीराच्या कोणत्या भागावर आहे, याने काय बिघडले असते?

उलगडा झाला तो उंदरांमुळे. अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये एका वंशात विलक्षण लठ्ठ उंदीर निपजले. पुढे १९६६ मध्ये तसाच लठ्ठ, पण मधुमेहाने ग्रासलेला दुसरा वंश नोंदला गेला. डग्लस कोलमन या संशोधकाने या उंदरांची शरीरे जोडून त्यांचे रक्ताभिसरण एक करण्याचे प्रयोग केले. दुसऱ्या वंशाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा निरोगी उंदराने अन्न सोडले आणि तो उपासाने मेला. पहिल्या वंशाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा त्या लठ्ठ उंदराची भूक कमी झाली. कोलमन यांनी अनुमान काढले की, रक्तातून ‘पुरे झाले’ असा एक निरोप वाहत असावा. एका वंशाला तो निरोप तयार करता येत नाही आणि दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. हा निरोप कोणता, ते १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये शोधून काढले. कृश या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन असे नाव दिले गेले. ते निर्माण होण्याचे मुख्य ठिकाण खुद्द मेदपेशी निघाल्या. कणगी बोलत होती!

लेप्टिन हे संप्रेरक, म्हणजे एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवाला आज्ञा देणारे द्रव्य. मेद जितका अधिक तितके रक्तातील लेप्टिन अधिक, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला ते भूक आवरण्यास सांगते. मग लठ्ठ माणसाला भूक लागते कशी? कारण बहुतेक स्थूल माणसांत निरोप कमी नसतो. तो सतत येत राहिल्याने मेंदू त्याला दाद देईनासा होतो. आणि येथेच रक्तदाबाचे सूत्र हाती लागते. लेप्टिनची मेंदूतील आज्ञा केवळ भुकेपुरती नसते. ती अनुकंपी मज्जासंस्थेलाही जागृत करते. संकटकाळी हृदयाचे ठोके वाढविणारी आणि रक्तवाहिन्या आवळणारी ती हीच संस्था. भुकेच्या बाबतीत मेंदू बहिरा झाला, तरी या दुसऱ्या बाबतीत त्याचे कान उघडे राहतात, असे अनेक प्रयोगांवरून दिसते. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना मग अखंड चिथावणी मिळते, मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि रक्ताचा दाब चढतो. याचा एक मोठा ताळा असा की, जन्मतःच लेप्टिन नसलेली माणसे अतिशय स्थूल असूनही त्यांचा रक्तदाब सहसा चढलेला नसतो. ओझे सारे आहे, पण निरोप नाही. म्हणून दाबही नाही. ओझ्याचा जुना सिद्धांत येथे अपुरा ठरतो.

लेप्टिन हा मेदाचा एकच शब्द. त्याचा दुसरा शब्द समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या टिगरस्टेट आणि बर्गमन यांना मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढविणारे रेनिन सापडले. रेनिन स्वतः दाब वाढवीत नाही. ते रक्तातील एका प्रथिनाचे विघटन करते आणि त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन तयार होते, हे १९४० च्या सुमारास अर्जेंटिना आणि अमेरिका या दोन देशांत स्वतंत्रपणे सिद्ध झाले. ते मूळ प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. पण मेदपेशीही ते तयार करतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. म्हणजे मेद वाढला की रक्तवाहिन्या आवळणाऱ्या यंत्रणेला कच्चा माल अधिक मिळतो. मेदपेशींतून निघणारी द्रव्ये अधिवृक्क ग्रंथींनाही डिवचतात आणि मीठ राखून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरोनचा स्राव वाढवितात.

मेदाचा एक शब्द हिताचाही आहे. १९९५ आणि १९९६ मध्ये अमेरिका आणि जपान येथील संशोधकांना मेदपेशींत आणखी एक संप्रेरक आढळले. अ‍ॅडिपोनेक्टिन हे त्याचे आजचे नाव. ते रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर निरोगी ठेवते आणि त्यांना सैल होण्यास मदत करते. दुर्दैव असे की, मेद वाढला की हे हितकर संप्रेरक घटते. दाब वाढविणारे शब्द मोठ्याने उच्चारले जातात आणि दाब उतरविणारा शब्द दबून जातो. जुन्या खुलाशातही तथ्य नाही असे नाही. मूत्रपिंडांभोवती साचलेला मेद त्यांना चेपतो आणि स्थूल माणसाचा झोपेत श्वास अडखळतो, त्यानेही दाब वाढतो. एवढे खरे की, मेदाला मुका मानून हे कोडे सुटले नसते.

या शोधांतील एक प्रकरण महाराष्ट्रात लिहिले गेले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास केला. ही बालके इंग्लंडमधील बालकांच्या मानाने बरीच हलकी भरली. पण त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, तितकी त्यांच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण जन्मापासूनच दिसत होती. २००४ मध्ये एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३, मेदाचे प्रमाण मात्र एकाचे ९.१ टक्के आणि दुसऱ्याचे २१.२ टक्के. अधिक मेद होता तो पुणेकराच्या अंगी. तात्पर्य असे की, वजनकाट्यावर निश्चिंत दिसणारा भारतीय माणूसही मेदाच्या या निरोपांपासून सुरक्षित नाही. त्याने वजनाइतकेच लक्ष कमरेच्या घेराकडे दिले पाहिजे आणि अंगाने बारीक असला तरी रक्तदाब मोजून घेतला पाहिजे.

या सर्व इतिहासाकडे पाहताना एक मोह आवरावा लागतो. चरकाला लेप्टिन ठाऊक होते, असे म्हणण्याचा तो मोह आहे. चरकाने स्थूलतेतील दुष्टचक्र ओळखले, ही त्याची थोरवी; पण कोंडलेला वायू आणि मेदपेशींचा स्राव या दोन निराळ्या कल्पना आहेत, आणि त्यांपैकी एकच प्रयोगाने सिद्ध झाली आहे. पूर्वजांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द घातल्याने त्यांचा गौरव होत नाही. उलट, विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी चरबीला मुकी ठरविले ही त्यांची चूक होती, म्हणून त्यांचे शास्त्रच टाकाऊ, असे म्हणणेही तितकेच पोकळ आहे. ती चूक त्याच शास्त्राच्या रीतीने दुरुस्त झाली.

ही रीत तंजावरला अनोळखी नव्हती. निरनिराळ्या मतांच्या वैद्यांना एकत्र बसवावे, रोग्याला डोळ्यांनी पाहावे, उपचार करावा आणि जे घडले ते कागदावर उतरवावे, असा धन्वंतरी महालाचा शिरस्ता होता. फ्रॅमिंगहॅमच्या वह्या असोत की पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांची वजने असोत, त्यांच्या मुळाशी हाच शिरस्ता आहे. सरफोजींच्या नोंदींची परंपरा अखंड चालली असती, तर तिच्यातून काय निघाले असते, याची कल्पना करण्यात अर्थ नाही. ती परंपरा तुटली, हे मात्र दुःख आहे. सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. पण मोडी लिपी सराईतपणे वाचणारे थोडे उरले आहेत, आणि राजवाड्यातील मोडी कागदांना वाचकांची वाट पाहावी लागते.

मेदाच्या या नव्या ज्ञानाने आणखी एक उपकार केला आहे. स्थूल माणसाला आळशी आणि अधाशी ठरविण्याची समाजाची सवय जुनी आहे. त्याच्या भुकेमागे, त्याच्या चढत्या रक्तदाबामागे शरीरातील निरोपांची एवढी गुंतागुंत आहे, हे कळल्यावर त्या निंदेला आधार उरत नाही. जबाबदारी मात्र उरते. लेप्टिन टोचून सर्वसाधारण स्थूलता हटत नाही, कारण तेथे त्याची उणीवच नसते. पण वजन एक किलोने उतरले तर रक्तदाबही सरासरीने पाऱ्याच्या सुमारे एक मिलिमीटरने उतरतो, असे अनेक चाचण्या एकत्र करून पाहता आढळले आहे. मीठ कमी करणे, चालणे आणि वेळेवर दाब मोजून घेणे हे उपाय कोणालाही साधण्यासारखे आहेत, आणि औषधाची गरज असेल तर ते नियमाने घेणे हाही त्यांतलाच एक भाग. कावेरीकाठच्या पंडिताने तीन शतकांपूर्वी अन्नाचे गुणदोष लिहून ठेवले, ते पानावर बसणाऱ्याने विचार करून जेवावे म्हणून. त्या विचाराला आज मोजमापाची जोड मिळाली आहे. तिचा उपयोग करून घेणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.